तक्ता तोंडपाठ, तरी बोलताना 'आय हॅव वेंट'. असं का होतं?

खडूफळा
बार्शीत माझा इंग्रजीचा छोटा क्लास आहे. बहुतेक मुलं स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी, मराठी माध्यमातली. क्रियापदांच्या तीन रूपांचा तक्ता त्यांना झोपेतून उठवून विचारा, गो-वेंट-गॉन, सी-सॉ-सीन, राइट-रोट-रिटन असा धडाधडा म्हणून दाखवतील. गाळलेल्या जागा भरतात, वाक्यातली चूकही हुडकून काढतात. पण उभं करून सहज विचारलं, "काय रे, तुझा जोडीदार आज आला नाही?" की उत्तर येतं, "सर, ही हॅज वेंट टू सोलापूर."

वेंट नाही रे, गॉन. "हां सर, गॉन." आणि लगेच पुढचं वाक्य, "बट आय हॅव केम."

नियम तर एका ओळीचा आहे. हॅव किंवा हॅज आलं की पुढे तिसरं रूप. तो त्यांना पक्का माहीत आहे, मग जिभेवर दुसरंच रूप का येतं? आणि तुमच्यापैकी कुणी पाठांतराशिवाय वेगळं काही करून पाहिलंय का? शिक्षक, पालक, स्वतःच्या जिवावर शिकलेले, सगळ्यांनी लिहा. "मुळात इंग्रजी हवंच कशाला" हा वाद इथे नको, त्यासाठी ढिगानं धागे आहेत.

तिरकस_पुणेकर
पहिला! मुळात इंग्रजी हवंच कश... बरं, राहू दे.

मेथीची_जुडी
सर, तुमची मुलं निदान दुसऱ्या रूपापर्यंत तरी पोचतात. आमच्या हापिसात सगळा कारभार पहिल्याच रूपावर चालतो. "आय हॅव सेंड द मेल." "आय हॅव अटॅच द फाइल." "मीटिंग हॅज बीन पोस्टपोन." आणि हे लिहिणारे चांगले इंजिनियर, दहा-दहा वर्षं नोकरी केलेले.

मला वाटतं यात कानाचा दोष जास्त आहे. अटॅच्डमधला शेवटचा 'ट' आपल्याला ऐकूच येत नाही. सेंड आणि सेंट बोलताना सारखेच लागतात. जे ऐकलं नाही ते लिहिणार कुठून?

सुमीत८८
आमचा मॅनेजर "काइंडली रिव्हर्ट, आय हॅव टोल्ड यू यस्टरडे ऑल्सो" असं लिहितो. त्यात टोल्ड बरोबर आहे म्हणून आम्ही आनंद मानतो.

निष्ठाप्रत्यय
खडूफळा सर, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मराठीतच सापडेल. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

'तो गेला' हा साधा भूतकाळ. 'तो गेला आहे' हा पूर्ण वर्तमानकाळ. दोन्हीकडे 'गेला' तोच. केलं आणि केलं आहे, पाहिलं आणि पाहिलं आहे, सगळीकडे हीच तऱ्हा. म्हणजे मराठी मुलाच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की भूतकाळाचं रूप घ्यायचं आणि त्याला 'आहे' जोडायचं. गेला म्हणजे वेंट, आहे म्हणजे हॅज. झालं, ही हॅज वेंट! तुमचा विद्यार्थी व्याकरण पाळतोय, फक्त ते मराठीचं आहे.

आता मराठीत असं का? संस्कृतात 'क्त' प्रत्यय लागून गत, कृत, लिखित, दृष्ट अशी धातुसाधितं, म्हणजे क्रियापदापासून बनलेले विशेषणासारखे शब्द, होतात. पाणिनीनं क्त आणि क्तवतु या जोडीला 'निष्ठा' असं नाव दिलंय (माझं इथलं नाव तिथलंच). अगच्छत्, जगाम असले अस्सल भूतकाळ प्राकृत बोलणाऱ्यांनी हळूहळू सोडून दिले आणि सगळा भूतकाळ या धातुसाधितांवरच चालवला. त्यातूनच पुढे आपली ल-वाली रूपं आली. म्हणून तर 'मी आंबा खाल्ला', 'मी पोळी खाल्ली', 'मी आंबे खाल्ले' असं म्हणतो. खाणारा मीच, पण क्रियापद माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही, विशेषणासारखं आंबा-पोळीच्या मागे जातं. आपला भूतकाळ हाच मुळात पार्टिसिपल, म्हणजे इंग्रजीतल्या तिसऱ्या रूपासारखा, आहे. त्यामुळे आपल्याकडे दोन कप्पे, इंग्रजीत तीन. तिसऱ्या कप्प्याची सवय आपल्याला नाहीच.

त्यात इंग्रजीतल्या बहुसंख्य क्रियापदांचंही दुसरं-तिसरं रूप एकच असतं. वॉक्ड-वॉक्ड, बॉट-बॉट, टोल्ड-टोल्ड. त्यामुळे आपला समज आणखी घट्ट होतो. दोन्ही रूपं निराळी असलेली रोजच्या वापरातली क्रियापदं फार तर साठ-सत्तर निघतील, पण नेमकी तीच सगळ्यात जास्त लागतात. जाणं, येणं, खाणं, पिणं, बघणं, करणं, देणं, घेणं.

तिरकस_पुणेकर
म्हणजे चूक पोराची नाही, पाणिनीची. पालकसभेत सांगायला बरं पडेल.

गोंयकार_बाब
निष्ठाप्रत्यय, प्रतिसाद आवडला. एक भर घालतो. आमच्या कोंकणीत हे दोन काळ वेगवेगळे आहेत. 'तो गेलो' म्हणजे गेला, आणि 'तो गेला' म्हणजे गेला आहे. 'ताणें आंबो खालो' म्हणजे आंबा खाल्ला, 'ताणें आंबो खाला' म्हणजे खाल्ला आहे. 'आहे' वेगळं लावावं लागत नाही, ते शेवटच्या स्वरातच जिरलेलं असतं.

त्यामुळे 'तो गेला' हे आमचं वाक्य ऐकून घाटावरच्या पाहुण्यांना साधा भूतकाळ वाटतो.

मेथीची_जुडी
@गोंयकार_बाब, मग गोव्यातली मुलं हॅज वेंट म्हणत नाहीत का?

गोंयकार_बाब
म्हणतात, ताई. पण आमच्याकडे दोष द्यायला पाणिनी नाही, आळसच आहे.

आबा_पन्हाळकर
वाचतोय. आम्हाला इंग्रजी पाचवीत भेटलं, गुरुजी स्वतःच चाचपडत शिकवायचे. मग २००० साली सरकारनं मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणलं. तेव्हा आम्ही म्हणालो, चला, आता पुढची पिढी फाडफाड बोलणार. आज माझा नातू पहिलीपासून इंग्रजी शिकून "आजोबा, आय हॅव एट" म्हणतो. चार वर्षं आधी सुरू करून काय पदरात पडलं?

माझं मत विचाराल तर हा सगळा त्रास व्यर्थ आहे. समोरच्याला कळलं ना? झालं तर मग. पोरं दर वाक्याला टोकल्यामुळे तोंड मिटून बसतात ते जास्त वाईट. माझ्या ट्रॅक्टरच्या शोरूमला कंपनीचे परदेशी पाहुणे आले होते. आमचा मेकॅनिक त्यांच्याशी तासभर बोलला, एक क्रियापद धड नव्हतं. पाहुण्यांना सगळं कळलं, जाताना त्याचा फोन नंबर घेऊन गेले.

खडूफळा
आबा, तुमच्या मेकॅनिकच्या हातात कसब होतं, म्हणून भागलं. माझ्या मुलांना मुलाखतीत समोरचे लोक त्या पाच मिनिटांतच जोखतात, आणि जोखायला भाषेशिवाय दुसरं काही नसतं. टोकण्याचं म्हणाल तर मान्य. मी आता मधे अडवत नाही. मुलगा बोलून झाला की त्याचंच वाक्य नीट करून प्रश्न म्हणून परत टाकतो. "ओ, ही हॅज गॉन टू सोलापूर? व्हाय?" उत्तर देताना कधी कधी त्याच्या तोंडात गॉन येतं.

राइनकाठची_रेवती
मी कोलोनला असते. जर्मन शिकताना मराठीचा फार आधार झाला, त्यावरून सांगते. जर्मनमध्ये जाण्या-येण्याच्या क्रियापदांना 'असणे' लागतं आणि बाकी बहुतेकांना 'हॅव'चा भाऊ. 'इश बिन गेगांगेन', मी गेले आहे, अगदी आपल्यासारखं. इंग्रजीतही जुन्या काळी 'ही इज कम' असं सर्रास म्हणत. 'ही इज गॉन' तर अजून चालतं.

दुसरं, जर्मन लोक बोलताना 'काल'बरोबरही हाच काळ वापरतात. त्यामुळे माझे इथले सहकारी इंग्रजीत बिनधास्त "आय हॅव सीन हिम यस्टरडे" म्हणतात. आपणही 'मी काल त्याला पैसे दिलेत' म्हणतो आणि इंग्रजीत तसंच उतरवतो. इंग्रजीत काल, गेल्या वर्षी, २०१५ साली असा ठरावीक भूतकाळ सांगितला की हॅव चालत नाही, सरळ 'सॉ' म्हणायचं. मला तर वेंट-गॉनपेक्षा ही चूक मोठी वाटते, कारण ती तक्ता पाठ करूनही जात नाही.

सुमीत८८
तरीच! आमचा मॅनेजर जर्मन निघाला.

निष्ठाप्रत्यय
रेवतीताई, यस्टरडेचा मुद्दा बरोबर, पण तो काळाच्या वापराचा आहे. धागा रूपांचा आहे. दोन्ही एकत्र शिकवायला गेलं की मुलं दोन्ही सोडून देतात.

राइनकाठची_रेवती
मला उलट वाटतं. हॅव कधी वापरायचं हेच कळलं नसेल तर त्याच्यापुढे काय लावायचं हे पाठ करून काय फायदा? माझ्या ओळखीतले कितीतरी मराठी लोक भारदस्त वाटतं म्हणून साध्या भूतकाळाच्या जागीही हॅव टाकतात. नुसतं 'आय वेंट' म्हणाले असते तर चूक झालीच नसती!

खडूफळा
रेवतीताई, हे पटलं. निम्मे हॅव काढून टाकले तर निम्म्या चुका आपोआप जातील.

न्यूजर्सीकर
इथे अमेरिकेत तेच चालतं. ब्रिटिश माणूस "आयव्ह ऑलरेडी ईटन" म्हणेल तिथे इथले लोक "आय ऑलरेडी एट" म्हणून मोकळे होतात. शिवाय गेटचं तिसरं रूप इथे गॉटन. मुलगी शाळेत गॉटन शिकते, पुण्याहून आलेले आजोबा ते गॉट करतात, मग दोघांचं भांडण. दोघंही बरोबर आहेत हे दोघांनाही पटत नाही.

आणि आबांना दुजोरा देतो. माझ्याकडे प्लंबिंगला येणारा गृहस्थ इथलाच, पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी बोलणारा. तो "आय सीन इट" आणि "आय शुड हॅव वेंट" म्हणतो. त्याला कुणी क्लास लावत नाही.

निष्ठाप्रत्यय
ही इंग्रजांचीही जुनी दुखणी आहेत. १७६२ साली रॉबर्ट लाउथ नावाच्या पाद्र्यानं (पुढे तो लंडनचा बिशप झाला) इंग्रजीचं व्याकरण लिहिलं. त्यात 'आय हॅव रोट' छापाच्या वापरावर त्यानं तोंडसुख घेतलंय, आणि दाखले कुणाचे? मिल्टन, ड्रायडन अशा बड्या कवींचे. त्या काळात रोट आणि रिटन दोन्ही चालत होतं. पुढे व्याकरणाच्या पुस्तकांनी एकाला शिष्ट ठरवलं आणि दुसऱ्याला गावंढळ.

वेंटची गंमत तर अजून वेगळी. ते 'गो'चं रूप नव्हतंच. 'वेंड' म्हणून दुसरं क्रियापद होतं, त्याचा भूतकाळ वेंट. गोनं तो पळवला.

आता राहवत नाही म्हणून एक अवांतर. ब्रोकन, फ्रोझन, गिव्हन यांच्या शेवटी जो 'न' आहे, तो आणि आपल्या भग्न, छिन्न, भिन्न यांतला 'न' हे एकाच प्राचीन प्रत्ययाचे वंशज. वॉक्डमधला ड आणि गत-कृतमधला त यांचंही तसंच नातं आहे.

तिरकस_पुणेकर
ब्रोकन म्हणजे भग्न. म्हणजे "माय हार्ट इज ब्रोकन" हे मूळचं संस्कृत. व्हॉट्सॲपवर ढकलू का?

निष्ठाप्रत्यय
भावंडं म्हटलंय, बापलेक नाही. ढकलाल तर हेही ढकला.

मालवणी_मसाला
एवढा वेळ वाचून गप्प होते. मला नेहमी अडणारं क्रियापद म्हणजे ड्रिंक. ड्रिंक-ड्रँक-ड्रंक. नवीन नोकरीत साहेबांनी विचारलं, चहा झाला का? "यस सर, आय हॅव ड्रंक" असं म्हणायची हिंमतच होत नाही. त्यापेक्षा "आय हॅड टी" म्हणते आणि सुटते.

सुमीत८८
ताई, चूक बोलून अब्रू वाचवणं याला व्यवहारज्ञान म्हणतात. बरोबर बोलून नोकरी घालवणाऱ्यांचा वेगळा धागा काढू.

निष्ठाप्रत्यय
'आय हॅड टी' चूक नाहीये हो!

मेथीची_जुडी
गॉनवरून आठवलं. आमच्याकडे रिसेप्शनला एक मुलगी होती, रूपं एकदम पक्की. मोठ्या ग्राहकाचा फोन आला, साहेब आहेत का? ती म्हणाली, "सर हॅज गॉन टू दिल्ली." साहेब दिल्लीहून आदल्या दिवशीच परतले होते आणि केबिनमध्ये बसून त्याच फोनची वाट बघत होते. तिला म्हणायचं होतं, सर दिल्लीला जाऊन आलेत, त्यांना सगळं माहीत आहे. 'जाऊन आलेत'ला बीन पाहिजे, "ही हॅज बीन टू दिल्ली". गॉन म्हटलं की माणूस अजून तिकडेच.

सर, हे तक्त्यात कुठे लिहिलेलं असतं? गोच्या रांगेत बीन नसतंच.

खडूफळा
नसतं. हे उदाहरण क्लासमध्ये वापरतो, परवानगी गृहीत धरून.

सिली_पॉइंट
सर, तुम्ही विचारलं होतं पाठांतराशिवाय काय. क्रिकेट! कॉट, बोल्ड, स्टंप्ड, रन आऊट. सगळी तिसरी रूपं आहेत, आणि गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही येतात. त्यात रन आऊट बघा. रन-रॅन-रन. 'रॅन आऊट झाला' म्हणणारा एक माणूस मला महाराष्ट्रात दाखवा. "ही हॅज बीन रन आऊट", पोरगं बरोबर बोलून जाईल आणि आपण व्याकरण बोललो हे त्याला कळणारही नाही.

निष्ठाप्रत्यय
कल्पना झकास, पण कॉट, बोल्ड, स्टंप्ड यांचं दुसरं रूपही तेच आहे. तिथे चूक होऊच शकत नाही. कामाचा एकटा रन.

सिली_पॉइंट
थर्ड अंपायरकडे गेलात राव.

मेथीची_जुडी
पण दिशा बरोबर आहे! दुसऱ्याहून वेगळी असलेली तिसरी रूपं मराठीत आधीच घुसलेली आहेत, शोधली की सापडतात. फ्रोझन मटार. लास्ट सीन. हिडन चार्जेस. रिटन टेस्ट. अननोन नंबर. ड्रंक अँड ड्राइव्ह. गॉन केस. "चल, डन!" आणि सगळ्यात भारी म्हणजे गल्लोगल्ली पाट्यांवर लिहिलेलं स्पोकन इंग्लिश.

मुलांना सांगायचं, तुम्हाला शब्द येतोच, फक्त त्याच्या आधी हॅव लावा. "आय हॅव स्पोकन." "ही हॅज हिडन इट."

तिरकस_पुणेकर
खडूफळा सरांच्या क्लासच्या पाटीवरही स्पोकन असणार. काय पैज लावता?

खडूफळा
लावू नका, आहे. वर "शंभर टक्के खात्री" पण आहे, ते आमच्या पेंटरनं स्वतःच्या मनानं टाकलंय.

मेथीताईंची यादी उतरवून घेतलीय.

आबा_पन्हाळकर
टॉर्न जीन्स राहिली. नातवाच्या तीन आहेत, विकत आणलेल्या.

राइनकाठची_रेवती
आणखी एक सुचवते, गटानं शिकवा. सिंग-सँग-संग, रिंग, ड्रिंक, स्विम, बिगिन यांची एक चाल. कम, बिकम, रन परत पहिल्या रूपावर येतात. कट, पुट, हिट, शट, कॉस्ट हलतच नाहीत. अकारविल्हे तक्ता पाठ केला की ही चाल कानाला लागतच नाही. आणि आयव्ह, हीज असं जोडून ऐकवा. आपण हॅव सुटा, ठासून म्हणतो, मग त्याच्यापुढे थांबून शब्द शोधत बसतो.

खडूफळा
धाग्यावरचं बरंच काही बॅचमध्ये करून पाहिलं, म्हणून लिहितो.

पाणिनीची भानगड मोठ्या मुलांना फार आवडली. 'गेला' आणि 'गेला आहे' फळ्यावर एकाखाली एक लिहिल्यावर मागच्या बाकावरून "आयला, खरंच की" असं आलं. त्यापुढे कुणी वेंट म्हटलं की बाकीचे "मराठी, मराठी" असं ओरडतात. मला बोलावंच लागत नाही. अकारविल्हे तक्ता काढून टाकला, रेवतीताईंसारखे गट केले.

लास्ट सीनचा उपयोग सगळ्यात जास्त झाला. 'मेसेज सीन केला पण रिप्लाय नाही' हे त्यांचं रोजचंच दुःख. एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा उठला आणि न अडखळता म्हणाला, "सर, शी हॅज सीन माय मेसेज." वर्गात टाळ्या. मग त्यानं वाक्य पुरं केलं, "बट शी हॅज नॉट रिप्लाय."

मेथीची_जुडी
मी म्हटलं नव्हतं? शेवटचा ड! त्यावर औषध काय?

तिरकस_पुणेकर
त्या मुलीला सांगा, रिप्लाय दे म्हणावं. व्याकरणाचं नंतर बघू.

न्यूजर्सीकर
@मेथीची_जुडी, पुढचा शब्द स्वरानं सुरू होईल अशी वाक्यं म्हणून घ्या. रिप्लाइड इन टाइम, अटॅच्ड इट, फिनिश्ड इट. ड किंवा ट पुढच्या स्वराला चिकटतो आणि स्वच्छ ऐकू येतो. मुलीला वाचायला शिकवताना तिच्या शिक्षिका हेच करून घ्यायच्या.

मेथीची_जुडी
हे चांगलंय. उद्या आमच्या इंजिनियरांवर प्रयोग करते. "आय हॅव अटॅच्ड इट" भिंतीवर चिकटवते.

मालवणी_मसाला
सगळे जमलेच आहात तर लाय-ले-लेन आणि ले-लेड-लेड यातला फरक कुणी सांगेल का? आडवं पडणं कुठलं आणि ठेवणं कुठलं, दर वेळी गोंधळ होतो. आणि खोटं बोलण्याचं लाय तिसरंच.

निष्ठाप्रत्यय
पडणं म्हणजे लाय-ले-लेन. ठेवणं किंवा अंडं घालणं म्हणजे ले-लेड-लेड. खोटं बोलणं लाय-लाइड-लाइड. "द हेन हॅज लेड ॲन एग अँड हॅज लेन डाउन."

सुमीत८८
आणि अंडं आपलं नाही म्हणाली तर "हॅज लाइड".

खडूफळा
लाय-लेसाठी वेगळा धागा काढा, मालवणीताई. मी येतो तिकडे, माझी मुलं अजून तिथवर पोचायची आहेत.